जगूदादाचे कावळे

आणि धरून धरून काय धरावं माणसानं? कावळे! मला काय कावळ्यांतलं कळतं? चौथीतच शाळेला रामराम ठोकलेला मी. पण आमचा जगूदादा कॉलेजात! बाकीची पोरं जंगलात वाघ बघायला जातात, हा आपली टोळी घेऊन दादर चौपाटीवर. जाळं टाकायचं, कावळा धरायचा, पायात रंगीत कडी घालायची नि सोडायचा... का? तर म्हणे कुठला कावळा कुठे जेवतो ते बघायचंय! म्हटलं, "अरे, तू आधी घरी येऊन जेव!"

तुम्हाला सांगतो, साध्या तापाचं निमित्त झालं नि गेला हो.

दहाव्याला त्याच चौपाटीवर पिंड ठेवला. कावळे हे एवढे! लाल कडीवाले, पिवळ्या कडीवाले, सगळे दादाच्या ओळखीचे... पण एक खाली उतरेल तर शपथ! आई उन्हात, पोटात पाणी नाही. भटजी म्हणतात, "इच्छा राहिलीय, बोला काहीतरी." बोललो. "दादा, आईला सांभाळीन!" काव! "मारामाऱ्या सोडीन!" काव काव! बुधाजीमामा पुढे सरसावले, "अरे जगद्या, मुंबय महाराष्ट्राकच गावतली! शिव रे बाबा!" छे! भटजी दर्भाचा कावळा वळायला बसले, तर आई म्हणाली, "खरा शिवल्याबिगर मी उठायची नाय."

तेवढ्यात दादाच्या टोळीतला माधव तोंडाला रुमाल बांधून आला, कानाशी कुजबुजला, "जरा तोंड लपवता का? धरणाऱ्याचा चेहरा कावळे विसरत नाहीत. तुम्ही हुबेहूब जगदीश दिसता."

"डोकं भादरलंय, तरी?"

"तरी."

म्हणजे बघा! इच्छाबिच्छा काही नाही, माझंच थोबाड आडवं आलेलं! मला काय कावळ्यांतलं कळतं? मामांचा पंचा डोक्यावरून ओढला, वाळूत पालथा पडलो... आणि एकच कालवा! "शिवला! शिवला!" आई रडतेय, मामा नाचतायत, पोरं ओरडतायत, "लाल कडी! लाल कडी!" आणि मी? पंच्यात! सख्खा भाऊ मी, नि अख्ख्या चौपाटीनं बघितलं, मी सोडून!

भसकन पंचा काढला, तर टाळक्यावर चोच!

तेव्हापासून चौपाटीवर पाय ठेवला की टोचतात. माधव म्हणतो, "टोपी घाला हो." नाही घालत. टोचू देत... दादा अजून आहे असं समजणारे आता तेवढेच तर उरलेत!