रांगेतली जागा

बशारा: नुसता धूर काय सोडतोयस, गस्सान? मला सांग, तोनी तुझ्या शेजारी का उभा आहे?

गस्सान: हळू बोल. चर्चच्या जिन्यात आवाज घुमतो. बाबा गेलेत, तर जावई सांत्वन स्वीकारणाऱ्यांच्या रांगेत उभा राहतोच. घरचा पुरुष आहे तो.

बशारा: घरचा म्हणे! ईस्टरला लग्न झालं. अजून तुमच्या घरात न्हाणीघर कुठल्या बाजूला ते विचारतो. आणि मी नऊ वर्षं तुझ्याबरोबर राहतोय, तर मी पाहुण्यांच्या खुर्चीत. काल कॉफीचं तबक जरा हातात घेतलं, तर एका म्हाताऱ्याने मला वाढपी समजून ॲशट्रे आणायला पिटाळलं.

गस्सान: आणलास?

बशारा: आणला. करतो काय! हसू नकोस, माझ्या अंगाची लाही होतेय. तो तोनी लोकांचे हात दाबतो, डोळे पुसतो, "आमचे बाबा, आमचे बाबा" करतो. तुझ्या बाबांशी रविवारी पत्ते कोण खेळायचं? ते हरले की शिव्या कोण खायचं?

गस्सान: तूच. ते जिंकले तरी तूच.

बशारा: मग मी जळू नको?

गस्सान: त्या बिचाऱ्या तोनीवर?

बशारा: हो, त्याच्यावरच! त्याच्या काळ्या टायवरसुद्धा. तुझ्या बहिणीने, मिर्नाने, सगळ्यांदेखत बांधून दिला त्याला. मी माझा गाडीच्या आरशात बघून बांधला.

गस्सान: वाकडा झालाय.

बशारा: राहू दे वाकडा. तुझा हात इथे माझ्या गळ्याशी आला आणि आतून कुणी बाहेर आलं, तर दचकून मागे घेशील. ठाऊक आहे मला.

गस्सान: इथे झाहले गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, बशारा. बैरूतला आपलं घर वेगळं.

बशारा: म्हणजे मी बैरूतपुरताच तुझा. डोंगर ओलांडला की मित्र. आज तिसरा दिवस, संध्याकाळी रांग मोडेल. आज नाही तर कधीच नाही. उद्या तू मेलास, तर तुझ्याही रांगेत तोनीच उभा राहील आणि मी खुर्चीवर बसून कडू कॉफी पीत राहीन.

गस्सान: असं अभद्र बोलू नकोस रे.

बशारा: खोटं बोललो का?

सामिया: गस्सान! बापाची रांग सोडून इथे बसलायस? आत झाडून सगळा बाजार लोटलाय.

गस्सान: आलो, आई. बशाराही येतोय. माझ्या शेजारी उभा राहील.

सामिया: कुठे शेजारी?

गस्सान: रांगेत.

सामिया: आज? आज तुला हे सुचतंय? इतकी वर्षं मी डोळे मिटून घेतले, गस्सान. कुणाला बोलले नाही, तुम्हाला बोलले नाही. मिटलेलेच राहू देत की.

बशारा: मावशी, राहू द्या. मी जातो खुर्चीवर.

सामिया: तू गप्प बस! तुझ्यावरच तर राग आहे माझा. नवरा माझा गेला. तीन दिवस वाट बघतेय, हा माझ्या खांद्यावर डोकं ठेवेल म्हणून. आणि काल स्वयंपाकघरात बघते, तर हा तुझ्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडतोय. मी जन्म दिला याला. मला दाराआडून बघावं लागलं.

गस्सान: आई...

सामिया: जळले मी. बायको आणली असतीस तर तिच्यावरही जळले असते. पण तेव्हा निदान चारचौघींत बोलून मोकळी तरी झाले असते. याच्याबद्दल कुणाशी बोलू?

बशारा: माझ्याशी बोला. मीही मघापासून तेच करतोय.

सामिया: तू कुणावर जळतोयस?

बशारा: तोनीवर.

सामिया: तोनीवर! अरे देवा. तो काल जेवताना मला विचारत होता, सासऱ्यांचं पाळण्यातलं नाव काय.

गस्सान: आई, ऐक. सकाळपासून जो येतो तो सांगतो, तुझा बाप सरळ माणूस, जे असेल ते तोंडावर. आणि मी चोरासारखा मान हलवतो. मला आधी लाज वाटायची, खरंच वाटायची. आता या चोरीची लाज वाटते. याच्यासारखा माणूस मला मिळाला, हे मिरवायचं सोडून मी लपवत बसलो. मला मिरवायचंय, आई. बाबांच्या शेजाऱ्यांसमोर, याच गावात.

सामिया: लोक विचारतील, हा कोण.

गस्सान: विचारू देत. उत्तर मी देईन, तू नको देऊस.

सामिया: मी देणारच नाहीये. इकडे ये रे, बशारा. टाय तरी नीट करू दे. असा उभा राहिलास तर मला नावं ठेवतील.

(सभागृहात, रांगेत.)

गस्सान: तोनी, एक जागा पलीकडे सरक. हो, तिथे. बशारा, ये.

बशारा: माझे हात गार पडलेत.

गस्सान: माझेही. हा... या, अबू जिर्यिस काका. तुम्हाला दीर्घायुष्य लाभो. हा बशारा. नाही काका, पाहुणा नाही. मिर्नाचा जसा तोनी, तसा माझा हा. हो, तुम्ही बरोबर ऐकलंत.

सामिया: हात द्या त्याला, अबू जिर्यिस. मागे माणसं खोळंबलीत.