पंगतीतून उठताना

आईच्या गुडघ्यांची गोष्ट सांगतो. वर्षभर ती कोणत्याच लग्नात पंगतीला बसली नव्हती. खाली बसली की दोघांनी धरून उठवावं लागायचं, आणि तेवढ्याची तिला फार लाज वाटायची. डॉक्टर म्हणाले, मांड्यांत ताकद आणा. मग मी तिला रोज खुर्चीवरून उठबस करायला लावलं. महिन्याभरानं उठबस करताना छातीशी धरायला, वजन म्हणून, तुरीच्या डाळीची पिशवी दिली.

"डाळ शिजवू का तिले कडेवर खेळवू?" ती म्हणायची. पण चार महिने तिनं एक दिवस चुकवला नाही.

परवा मोताळ्याला मामेबहिणीच्या लग्नात ती आपणहून पंगतीत बसली. मी समोरच होतो. ही उठताना पडली तर, या विचारानं माझी नजर तिच्यावरून हलेना.

जेवणं झाली. मामी धावत आली. "ताई, थांबा, हात द्या!"

तोवर आई कोणाला न धरता उभी राहिली होती. माझा जीव भांड्यात पडला. मीही उठायला गेलो, तर दोन्ही पाय बधिर. धपकन खाली बसलो.

आई मामीला म्हणाली, "अवं, मले नको, या पोट्ट्याले धर. माह्याकडे पाहू पाहू मांडी बदलाची विसरला."