हॉलिस साहेबाने मागितलेली मुलगी

माझं काय ऐकणार तुम्ही, माझं तर दोन मिनिटांत खलास होईल. बाणकोटच्या खाडीकाठी जन्म, बाप लाँचवर ड्रायव्हर, शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा मास्तर बापाचा दोस्त होता म्हणून, आणि मिशी फुटली तशी मुंबईवरून आगबोटीत बसलो नि दुबईला उतरलो. झालं. ऐकण्यासारखी लाइफ असेल तर ती हॉलिस साहेबाची. हॉलिस म्हणजे हॉलिवूडचा अ‍ॅक्टर, उंच, एक भिवई वर चढलेली, टोपी अशी तिरकी. साठ-पासष्ट साली दुबईच्या देरा बाजारात कुणालाही विचारायचं होतंत, हॉलिस साहेब कसा माणूस, मल्बारी असो, बलुची असो, आपला कोकणी असो, तुम्हाला बसवून त्याची सगळी हकीकत सांगितली असतीन. आणि ती सगळी मी बनवलेली. हसू नका. सगळी म्हणजे सगळी मी बनवलेली.

ते कसं, तर तेव्हा यूएई नव्हतं, ही मरीना-बिरीना नव्हती, इथे नुसती वाळू. देऱ्यात एका शेठने उघड्यावर थेटर काढलेलं, चारी बाजूंनी झावळ्यांची भिंत, समोर चुना मारलेली दुसरी भिंत तोच पडदा, खाली बाकडी. हिंदी पिक्चर मिळाला तर मिळाला, नायतर इंग्रजी. आणि इंग्रजी लागला की पब्लिक अर्ध्यात उठून जायचं, कारण समजणार काय? मी तेव्हा बर्फाच्या गाडीवर लाद्या उचलायचो, तर शेठ एक दिवस तिथे आमच्यात येऊन विचारतो, तुमच्यात इंग्लिश कुणाला येतं रे? मी हात वर केला. बापाबरोबर लाँचवर राहून मला इंग्रजी येत होतं की, गो अहेड, गो अस्टर्न, स्टॉप, फुल स्पीड. शेठ म्हणालान, चलेगा. एका पत्र्याच्या पिंपावर मला उभा केलान, हातात भोंगा दिलान, आणि म्हणालान, यल्ला, चल, पिक्चर समजावून सांग लोकांना.

आता समजावणार काय, डोंबल? मला कळायचं येस, नो आणि मनी. पण माणूस रागावला की दिसतं, लाजला की दिसतं, भुकेला असला की तर लगेच दिसतं, आणि आपल्या गावात जे घडतं त्यापलीकडे जगात निराळं काय घडणार? दोन गोरे भांडायला लागले की मी भोंग्यातून सांगायचो, भाईलोग, ये दोनों सगे भाई हैं, आंबे के बाग का झगडा है. आणि आपल्या लोकांसाठी मधेच आपल्या भाषेत, बघा हो, हद्दीचा दगड हलवलान त्याने. कोर्टाचा सीन आला की वाटणीचा दावा. लढाईचा आला की शेजारच्या मोहल्ल्याशी मच्छीवरून. चुंबनाबिंबनाचा सीन आला की आमचा ऑपरेटर कुट्टी, मल्याळी, फार लाजरा माणूस, तो लेन्सपुढे हात धरायचा, सगळा पडदा काळा, पब्लिक बोंब मारायचं, आणि तेवढा वेळ मी सांभाळायचा. मी म्हणायचो, साहेब आता हातपाय धुवायला गेला आहे. हबीबी, आख्ख्या दुबईत हॉलिस साहेबाइतके हातपाय कुणी धुतले नसतील.

बहुतेक पिक्चर त्या हॉलिसचेच यायचे, शेठला ते स्वस्तात मिळायचे, आणि तेही उलटसुलट. आधी त्याचा म्हातारपणचा पिक्चर आला, त्यात तो फासावर गेला. पब्लिकमधले एक म्हातारे नाखुदा, गलबताचे कप्तान, उठून उभे राहिले, डोक्यावर रुमाल घेतलानी, मय्यतीला घेतात तसा. पुढच्या जुम्म्याला बघतो तर तोच हॉलिस, पोरसवदा, घोड्यावर! लोक खवळले. गेल्या जुम्म्याला मेला तो आज कसा? मी म्हटलं, अरे बाबांनो, मेला तो म्हातारा बाप, हा त्याचा मुलगा, चेहरा बापावर गेलाय, तुमच्या घरात जात नाय काय? पटलं. मग कधी मुलगा, कधी पुतण्या, असं करत करत मी त्या हॉलिसचं खानदान उभं केलं, त्याची गरिबी सांगितली, त्याच्या आईचा दमा सांगितला, लोक मला बाजारात अडवून विचारायचे, आई कशी आहे हॉलिसची? काय सांगू तुम्हाला, एका पठाणाने तिच्यासाठी मध आणून दिलान.

आता माझी गोष्ट त्यात कुठे येते, तर जुलेखा. माझ्या मामूची धाकटी मुलगी. लहानपणापासून बोलणं झालेलं, मला ती पसंत, तिला मी पसंत, पण मामू आडवा. कासममामू. त्याचं एकच, जावई खुर्चीवर बसून काम करणारा पाहिजे. मुंबईच्या गोदीत एक क्लार्क होता, खुर्चीवाला, त्याच्याकडून मागणी आलेली. मी घरी कळवलं होतं की दुबईत माझं इंग्रजीचं काम आहे. खोटं होतं काय त्यात? पण मामू मला ओळखून होता, पत्रात लिहिलान, मी स्वतः येऊन बघतो, खुर्ची असली तर मुलगी तुझी, नसली तर रमजानच्या आधी क्लार्कला देऊन मोकळा होतो. आणि खरंच आगबोट पकडून आला की हो तो दुबईला, डोक्यावर काळी टोपी, बगलेत छत्री. दुबईत छत्री!

आम्ही गाववाले आठ जण एका खोलीत राहायचो. मी सगळ्यांना हातापाया पडून सांगितलं, मामूला थेटरचं बोलू नका, सिनेमात काम करणारा म्हटलं की तो तिथल्या तिथे माघारी फिरेल. मामूला सांगितलं, माझी संध्याकाळची ड्युटी असते, साहेबाचं इंग्रजी मी लोकांना समजावतो. मामू खूश. म्हणालान, उद्या ऑफिस दाखव. मी म्हटलं इन्शाल्ला, आणि कामावर गेलो. इकडे खोलीत माझ्या शहाण्या गाववाल्यांना वाटलं, म्हातारा एकटा बसून कंटाळेल, त्याला जरा फिरवून आणू. आणि आणलानी कुठे, तर थेटरात. का, तर म्हणे बोलायचं नाय असं सांगितलं होतंस, दाखवायचं नाय असं कुठे सांगितलंस? आता या लोकांना काय करायचं तुम्हीच सांगा.

मगरिबची नमाज झाली, पिक्चर लागला, मी पिंपावर अंधारात, आणि समोरच्या बाकड्यावर छत्री दिसली. मामूची! पण भोंग्यातून आवाज वेगळा येतो, आणि मी हिंदीत, मामूला काय पत्ता लागला नाय. तेवढ्यात पडद्यावर हॉलिस एका मोठ्या घरापुढे घोड्यावरून उतरला. ओसरीत एक मिशीवाला म्हातारा खुर्ची टाकून बसलेला, मागे खिडकीत एक मुलगी. हॉलिसने टोपी काढली, हातात धरली, आणि अगदी खालच्या आवाजात काहीतरी बोलत घराकडे बोट दाखवलान. म्हातारा मान हलवून नाय म्हणालान. आता याचा अर्थ माणूस काय लावणार? मी सांगितलं, भाईलोग, साहेब लडकी का हाथ मांगने आया है. आणि मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्या मिशीवाल्याच्या तोंडात मामूचंच बोलणं घातलं, बुढ्ढा बोलता है, मेरे को कुर्सी पे बैठनेवाला दामाद मंगता है.

पब्लिक पेटलं. आमचं पब्लिक गप्प बसणारं नव्हतंच, पडद्याशी भांडायची रीतच होती तिथे, पण त्या दिवशी सगळ्यांत आधी कोण उठला असेल? कासममामू. छत्री पडद्याकडे रोखलान आणि ओरडला, अरे मेल्या, पोरगा घाम गाळून कमावतो आहे, अदबीने टोपी काढून उभा आहे, खुर्ची काय चाटायची आहे? दे की पोरगी! सगळे बाकडी बडवायला लागले, दे दो, दे दो. मी मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि भोंगा मामूकडे वळवला, बुजुर्ग, आप होते तो देते? मामू म्हणालान, देतो म्हणजे? आत्ताच्या आत्ता देतो! आमच्या तीन गावांचे लोक साक्षीला बसलेले. आणि नेमकं रीळ संपलं, कुट्टीने बल्ब लावलान.

मामूने मला बघितलं. पिंपावर, भोंगा हातात. मग मागून आपल्यातलाच एक ओरडला, मुबारक हो, आणि सगळे धावले मामूला गळामिठी मारायला, ज्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं ते बलुचीसुद्धा. मामू लालबुंद. चारचौघांत दिलेला शब्द, तो मोडायचा तर गावात तोंड कसं दाखवणार? पण मामूसुद्धा माझाच मामू. छत्री टेकलान, बाकड्यावर बसलान आणि म्हणालान, शब्द दिला तो दिला, पण आधी बघू दे पुढे हा नांदवतो कसा तिला. चालू करा पिक्चर.

मेलो! मला पुढचा पिक्चर कुठे माहीत होता? दुसरं रीळ सुरू, आणि हॉलिस थेट दारूच्या गुत्त्यात. ग्लास तोंडाला लावलान. मामूची मान माझ्याकडे. मी म्हटलं, साहेबाला कावीळ झाली आहे, वैदूचं औषध पितो आहे. दुसरा ग्लास. म्हटलं, जोराची कावीळ आहे. तेवढ्यात एक भलतीच बाई येऊन त्याच्या मांडीवर बसली. या अल्ला. मी भोंग्यात ओरडलो, ये उसकी दूधबहन है, एकाच आईच्या दुधावर वाढलेली, फार वर्षांनी भेटते आहे! आणि ती दूधबहीण चेहरा पुढे आणते न आणते तोच कुट्टीचा हात आला, अल्ला त्या कुट्टीचं भलं करो, एरवी अर्ध्या मिनिटाने काढायचा, त्या दिवशी काढीच नाय. मामू अंधारात विचारतो, आता काय करतो आहे तो? सगळं थेटर एका आवाजात म्हणालं, हातपाय धुतो आहे.

असं करत शेवटाला आलो. शेवटाला ती खिडकीतली मुलगी फाटकाशी उभी, आणि हॉलिस घोड्यावर बसून निघाला. ती रडते आहे, तो मागे बघत नाय. मामू उठला. आता हसत नव्हता. म्हणालान, कुठे चालला हा तिला टाकून? आणि मला एकदम दुसरं काही सुचेना, मी म्हटलं, परदेशी चालला मामू, कमवायला. तिथे बसलेला एकेक माणूस असंच कुणाला तरी दारात ठेवून आलेला. मामूने छत्री खाली ठेवलान. म्हणालान, इब्राहिम, माझी थोरली खलाशाला दिली, तीन तीन वर्षं तो बोटीवर, ती दारात उभी राहून सुकली रे. खुर्ची मला कशाला पाहिजे होती? खुर्चीवर बसणारा रोज घरी येतो म्हणून.

मला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मला वाटत होतं म्हातारा मिजासखोर आहे. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू, आणि मी भोंग्यातून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, मामू, तो तिला टाकून नाय चालला, तो पुढे जाऊन खोली बघतो आहे, खोली मिळाली की तिला बोलावून घेणार. मामूने डोळे पुसलान आणि चौफेर बघून म्हणालान, ऐकलंत ना सगळ्यांनी? बघा, मी त्याला पकडला तसा त्याने मला पकडलान.

गावी जाऊन निकाह झाला, मी एकटा दुबईला परत आलो, आणि मग जो भेटेल तो, काय इब्राहिम, खोली बघितली काय? मच्छीवाला विचारतो, पठाण विचारतो, पिक्चर सुरू होण्याआधी मागच्या बाकड्यावरून आरोळी, पहले कमरा बोलो! त्या काळात आमच्यातला कुणी बायको आणायचा नाय दुबईला, पण त्यांनी मला झोपू दिलं असतानी काय? शेवटी शेठनेच वैतागून थेटरामागची एक खोली दिलान. जुलेखा आगबोटीने आली तेव्हा खाडीवर पन्नासभर माणसं उभी, तिला वाटलं कुणी मोठा शेख आला आहे. मी म्हटलं, शेख नाय बाई, हे आपलं पब्लिक.

मग टीव्ही आला, भोंगा गेला, मी रास अल खोरला एका गोदामात स्टोअरकीपर झालो, खुर्चीवर बसून, पण ते बघायला मामू नव्हता. आता मुलाचा फ्लॅट आहे मरीनाला, वर चढून चढून इतका वर की खालची माणसं दिसत नाहीत. तर मागच्या महिन्यात लेकीची मुलगी सारा आलेली, तिने टीव्हीवर कुठून तरी तोच पिक्चर शोधून काढलान, खाली सगळं लिहून येतं आता. ओसरीचा सीन आला. ही वाचते आणि म्हणते, नाना, ही इज नॉट आस्किंग फॉर द गर्ल, ही वॉन्ट्स टू बाय अ हॉर्स. घोडा! तिकडे तबेल्याकडे बोट दाखवत होता मेला. जुलेखा पदर तोंडात धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, म्हणाली, म्हणजे माझं लग्न घोड्यावर झालं. मी म्हटलं, मिळाला काय गं त्याला घोडा? सारा म्हणाली, नो, द ओल्ड मॅन रिफ्यूज्ड.

मग शेवट आला, ती मुलगी फाटकाशी, आणि हॉलिस निघाला. साराने वाचून हळूच सांगितलान, ही इज लीव्हिंग हर, नानी, ही इज नॉट कमिंग बॅक. जुलेखाचं हसू गेलं. साराच्या हातातून रिमोट काढून घेतलान, टीव्ही बंद केलान, आणि म्हणाली, तुला काय माहीत? खोली मिळेपर्यंत वेळ लागतो. मी नाय आले?