आधी आलेला ठोका

बोगद्याचं छत खचून एक मजूर आत अडकला होता. बाहेरच्या तंबूत त्याची बायको जीव मुठीत धरून बसली होती. तिच्यापुढे दोन इंजिनिअर, एक पिकल्या केसांचा आणि एक नवखी, पडद्याकडे बघत बोलत होते.

"सर, सापडला! त्याच्या सुरक्षा-टोपीतल्या सिग्नल देणाऱ्या यंत्राचा ठोका आहे. चाळीस फुटांवर, चांगला ठणठणीत."

"एवढ्या मातीतून ठणठणीत? अगं, तो खडकावर आपटून, लांबून फिरून आलेला असेल. त्याच्या आधी काही आलंय का बघ."

"आधी नुसता गोंगाट आहे."

"त्या गोंगाटातच शोध. एक ठोका त्यात बुडतो. ठोक्यावर ठोका रचत गेलीस की डोकं वर काढेल."

"पण खणायच्या मशीनवाले खोळंबलेत, सर."

"खोळंबू देत."

ती पडद्यावर ठोक्यावर ठोका रचत राहिली.

"सर, हा बघा. अगदी बारीक आहे."

"सरळ मातीतून आलेला बारीकच असणार. आधी आला ना?"

"हो. म्हणजे तो बारा फुटांवरच आहे!"

"मशीन मागे घ्यायला सांग. आता हातानं खणायचं."

बायको उठून उभी राहिली.

"साहेब, आहेत ना हो ते?"

"वहिनी, आम्हाला फक्त टोपी कुठे आहे ते कळतं."

"टोपी ह्यांना काचते. बसले की काढून मांडीवर घेतात."

पिकल्या केसांचा इंजिनिअर लगेच नवखीकडे वळला.

"फावडंसुद्धा जपून चालवा म्हणावं. डोकं उघडं असेल त्याचं."