लवंगीचं खानदान

हसणार आहातच, तर आधी हसून घ्या. आमची लवंगी तुम्हाला माहितीये ना, यॉर्कशायर टेरियर? तीन किलोची कुत्री, रेशमी केस, डोक्यावर रबरबँड लावलेली शेंडी. इथे चेन्नईत समोरच्या फ्लॅटमध्ये एक अक्का राहतात, तंजावरकडच्या मराठी. त्यांनी एकदा विचारलं, "ही काय खेळण्यातली आहे का?"

झालं, माझं व्याख्यान सुरू. "अहो, इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांत कामगारांनी ही जात उंदीर मारायला तयार केली. आकारावर जाऊ नका. मागे हटणं हिच्या रक्तातच नाही!" मग भरात येऊन म्हणालो, "आमचंही तसंच. आमचे पूर्वज दोर लावून गड चढायचे."

अक्का नुसतं "हो का?" म्हणाल्या.

गेल्या रविवारी सिंकखालच्या भोकातून स्वयंपाकघरात घूस शिरली. चांगली लवंगीएवढी! एक किंकाळी फुटली, लवंगी गुरगुरत सरळ घुशीच्या अंगावर गेली आणि घूस आल्या वाटेने पळाली. तेवढ्यात अक्का झाडू घेऊन धावत आल्या.

"अय्यो! केवढ्याने किंचाळली हो बिचारी!"

"ती नाही," मी म्हणालो, "मी."

अक्कांनी भोकाशी पहारा देणाऱ्या लवंगीकडे पाहिलं आणि मग वर माझ्याकडे. मी ओट्यावर उभा होतो, शेगडीला खेटून, हातात चहाची गाळणी.

"पूर्वज गड चढायचे म्हणालात," अक्का म्हणाल्या, "तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं."