सत्तावीस मुक्या घंटा

संस्थेचे अध्यक्ष आदरणीय किशनरावदादा, मुख्याध्यापिका अर्पिता मॅडम, मंचावरचे पाहुणे, गुरुजन आणि विद्यार्थी मित्रहो,

चार पेरिस्कोप, पाण्याच्या थेंबाचे दोन सूक्ष्मदर्शक, एक पाणचक्की आणि एकोणीस विद्युतघंटा. बोरीच्या या शाळेत प्रयोगशाळा परिचर म्हणून मी एवढं हातानं केलं. मॅडम आत्ता वीस घंटा म्हणाल्या, एकोणीस. मी स्वतः दहावीला विज्ञानातच नापास. पुढचं सगळं स्क्रू उघडून शिकलो.

रविवारी दहाला मी प्रयोगशाळा उघडायचो. पोरांचा गराडा पडायचा.

"मामा, वाजंना की!"

"वाजंना, तर कारण हुडक. मला काय इचारतूस?"

कुणी तीन-तीन रविवार हुडकायचं. मग वाजली की अख्ख्या गल्लीला कळायचं!

दोन वर्षांमागं त्या पोरांतलाच आमचा पप्पू म्हणाला, "मामा, रविवारी कशाला बोलवताव? फोटो टाका की ग्रुपवर." मला हौस. घंटा जोडतानाचे त्रेचाळीस फोटो काढले, क्रमानं टाकले. उत्तरादाखल सत्तावीस अंगठे आले. पुढच्या रविवारी मात्र कुणीच आलं नाही. मी एक वाजेपर्यंत बसलो, कुलूप लावलं. तेव्हापासून दर रविवारी तसाच बसतो.

दोष एकट्या मोबाइलला कसा देऊ? सराव परीक्षेत सत्तावीस जणांनी आपापली घंटा जोडली. एकही वाजली नाही. अकराव्या फोटोत एक तार स्क्रूपासून सुटी होती. फोटो काढताना चहा आला, जोडायची राहिली. पोरांनी फोटोबरहुकूम सुटीच ठेवली.

"ज्ञानेश्वरी, तार लोंबायलीय. दिसंना का?"

"दिसायलीय की मामा. पण फोटोत तशीच हाय."

दहापैकी दोन गुण, सगळ्यांना. चूक माझी. पण त्या रविवारी एक जण जरी खोलीत आलं असतं, तर? असो.

शाल-श्रीफळ दिलंत, चार शब्द गोड बोललात, मी आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल ते पोटात घाला. ती तार मात्र घालू नका. आणि अध्यक्षसाहेब, एक विनंती. आज निवृत्त झालो तरी प्रयोगशाळेची किल्ली रविवारपुरती माझ्याकडं राहू द्या. कुणी येवो न येवो, मी दहाला उघडीन.

मागच्या महिन्यात एका शिकवणी अ‍ॅपचे साहेब घरी आले होते. माझ्या घंटांचे तीस-तीस सेकंदांचे व्हिडिओ हवे होते. म्हणाले, "मामा, लगेच वाजली पाहिजे." मी विचारलं, "न वाजणारे तीन रविवार त्यात कुठं बसवायचे?" ते हसले. मी नको म्हणालो.

महिना अठरा हजार रुपये देत होते.