साडूचं पहिलं पान

माझ्या साडूचा विषय काढू नका, चहा कडू लागतो. सासरवाडीत पहिलं ताट कायम त्याचं!

धुळ्यात इंटरनेट नवीन आलं, तेव्हा आम्ही दोघांनी आपापल्या केळीच्या धंद्याचं इंटरनेटवरचं पान एकाच कॉम्प्युटरच्या दुकानातून बनवून घेतलं. दुकानदार म्हणाला, "गिऱ्हाईक जे शोधेल, तेच पानाच्या पत्त्यात घाला." साडूने नुसतं 'जळगाव बनाना' सांगितलं. म्हटलं, काय रुक्ष माणूस आहे! मी सासऱ्यांचं अख्खं नाव घातलं, आडनावासकट. आबा खूश व्हायला हवेत आणि हा जळायला हवा.

मग मुद्दाम आबांना गावाहून दुकानात आणलं. साडूलाही बोलावलं, डोळ्यांनी बघू दे म्हणून.

दुकानदाराने विचारलं, "आबा, काय शोधू?"

"जळगावनी केळी धुंड."

त्याने ते इंग्रजीत टाकलं आणि साडूचं पान सगळ्यात वर आलं. आबा त्याची पाठ थोपटायला लागले. माझं पान कुठेच नाही.

मी कळवळून म्हटलं, "आबा, तुमचं नाव टाकायला सांगा ना!"

"मनं नाव माले माहीत शे, पाव्हना. ते काय धुंडनं?"